आधी तिचा पगार, मग आपली खैरात

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की घरोघरी ईदच्या साफसफाईचा विषय निघतो. माळ्यावरची पातेली खाली येतात, पडदे धुवायला निघतात, पंख्याच्या पात्यांवर वर्षभर साचलेली धूळ आताच दिसू लागते. घरातल्या बायका रोजात असतात. पहाटे सहरीसाठी उठायचे, संध्याकाळी इफ्तारचे ताट लावायचे, रात्री तरावीहची नमाज. या सगळ्यात माळे कोण झाडणार आणि जाळी-जळमटे कोण काढणार? मग शेजारणीला, नणंदेला, अपार्टमेंटच्या वॉचमनला एकच निरोप जातो : एखादी बाई असली तर बघा. दसरा-दिवाळीच्या आधी हाच निरोप हिंदू घरांतून जातो, नाताळच्या आधी ख्रिस्ती घरांतून. सण बदलतो, निरोप तोच आणि पुष्कळदा बाईही तीच.

बाई येते. दारातच बोलणे होते. 'भांडी-फरशीचे किती घेशील?' आणि तिचे ठरलेले उत्तर, 'द्या की भाभी, दुसरीकडे देतात तेवढं.' पाच मिनिटांत सौदा संपतो. एखादी साडी घेताना आपण यापेक्षा जास्त वेळ बोलतो. पुढे वर्षभर ज्या कुरबुरी होतात, 'हिचे खाडे फार', 'हिची फरशी कोपऱ्यात कोरडीच', आणि तिच्या बाजूने 'भाभींचं काम वाढतच चाललंय', त्या सगळ्यांचे मूळ या पाच मिनिटांत आणि त्या 'तेवढं' या शब्दात असते.

इस्लामी कायद्यात मजुरीच्या कराराला 'इजारा' म्हणतात. त्याची पहिली अट अगदी व्यवहाराची आहे. काम काय आणि मोबदला किती, या दोन्ही गोष्टी आधी स्पष्ट ठरलेल्या हव्यात. मोबदला न ठरवता लावलेले काम हा सदोष करार मानला जातो. मजूर लावायचा तर त्याला मजुरी सांगून लावावा, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आलेली आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही दुसरी शिकवण बहुतेकांना पाठ असते. जुम्याच्या बयानात ती ऐकायला मिळते, मुस्लिमेतर मित्रही ती कौतुकाने सांगतात. पण घाम वाळण्याआधी द्यायचे किती, हे काम सुरू होण्याआधी ठरलेले असले पाहिजे. हा पहिला भाग मात्र आपण विसरतो.

ठरवायचे काय?

धुणीभांडी आणि केरफरशी हे दोन शब्द उच्चारले की आपल्याला वाटते, सगळे सांगून झाले. प्रत्यक्षात प्रत्येक घराचे काम वेगळे असते. भांडी एक वेळची की दोन वेळची? घरात माणसे किती? कपडे मशीनमधून काढून वाळत घालायचे, की दगडावर घासायचे? फरशी रोज पुसायची की दिवसाआड? संडास-बाथरूम यात धरले आहे का? गॅलरी, जिना, पार्किंगची जागा? चादरी आणि पडदे महिन्यातून किती वेळा? पाहुणे मुक्कामी आले तर वेगळे किती? एवढे बोलायला फार तर पंधरा मिनिटे लागतात. वहीच्या एका कागदावर लिहून एक प्रत तिच्याकडे आणि एक आपल्याकडे ठेवली तर आणखी चांगले. तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलीला येत असते.

आता पगाराचे गणित करून पाहू. समजा, एका घरी भांडी आणि फरशीचे महिन्याला १,५०० रुपये ठरले आणि कामाला रोज सव्वा तास लागतो. महिन्याचे ३० दिवस धरले तर साडेसदतीस तास झाले. म्हणजे तासाला ४० रुपये पडले. आता त्याच घरात रमजान आला, किंवा लग्नसराईत पाहुणे आले, आणि सव्वा तासाचे दोन तास झाले. पगार तोच राहिला तर तासाचा दर २५ रुपयांवर येतो. आपण तिचा पगार कापलेला नसतो, उलट 'कधी एक रुपया कमी दिला नाही' असे आपण खरेपणाने सांगतो. तरीही तिची मजुरी घटलेली असते. हे गणित प्रत्येकाने आपल्या घराचे आकडे घालून एकदा कागदावर करावे. त्यात एका घरून दुसऱ्या घरी चालत जाण्याचा वेळ धरलेला नाही, हेही लक्षात ठेवावे.

संडास-बाथरूम घासणे, वर्षाची जाळी काढणे, माळा रिकामा करणे ही रोजच्या कामातली कामे नव्हेत. ईदच्या किंवा दिवाळीच्या सफाईचे पैसे वेगळे ठरवावेत. 'रोज तर येतेच, दोन तास जास्त थांब' असे म्हणून ती कामे पगारात बसवू नयेत. त्या दोन तासांत ती दुसऱ्या घरचे काम चुकवून थांबलेली असते आणि तिथली बोलणी तिलाच खावी लागतात.

खाडा म्हणायचे की सुट्टी?

घरकामाच्या बोलण्यात सगळ्यात जास्त वाद होतात ते खाड्यांवरून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे रतीब आणि बाईचे खाडे एकाच पेनाने मांडले जातात. नोकरदार माणसाला आठवड्याची सुट्टी असते, किरकोळ रजा असते, आजारपणाची रजा असते. घरकाम करणारीला यातले काही नाही. ती आली नाही, तर तो खाडा.

वरच्याच उदाहरणात एका दिवसाचा पगार ५० रुपये होतो. महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या दिल्या तर घरमालकाला त्याची किंमत २०० रुपये पडते. इफ्तारसाठी एका संध्याकाळी आणलेल्या फळांना याहून जास्त लागतात. तिच्या बाजूने मात्र या चार दिवसांचा अर्थ फार मोठा आहे.

तो अर्थ दिसतो तिच्या घरातल्या मुलीत. आईला ताप आला, पाय मुरगळला, की चार घरची कामे बुडण्याच्या भीतीने आठवी-नववीतली मुलगी आईच्या जागी उभी राहते. 'आईला बरं नाही, मी आलेय.' आपल्याला तो तिचा समजूतदारपणा वाटतो. त्या दिवशी तिची शाळा बुडालेली असते. चार दिवसांचे आठ दिवस होतात, मग गणिताचा धडा मागे पडतो, मग एक दिवस शाळाच सुटते. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांच्या मजुरीवरची बंदी आणखी व्यापक झाली. कायदा त्याच्या जागी आहे. पण मुलगी दारात येऊ नये याचा सर्वांत सोपा उपाय आपल्याच हातात आहे. 'आईला सांग, बरं वाटेपर्यंत झोपून राहा, पगार कापणार नाही. आणि तू शाळेत जा.' एवढे एक वाक्य पुरते.

'तिने सवय लावून घेतली तर?' अशी शंका येते. ती रास्त आहे. म्हणूनच महिन्याच्या सुट्ट्या किती, आजारपणात किती दिवस पगार चालू, गावी जायचे तर किती दिवस आधी सांगायचे, हे कामावर ठेवतानाच ठरवावे. नियम ठरलेला असला की दोन्ही बाजूंना धरून बोलता येते. जिथे नियमच नाही तिथे एका बाजूला उपकार उरतात आणि दुसऱ्या बाजूला सबबी.

आईला विडी, मुलीला भांडी

आपल्या सोलापूरला बायकांच्या मजुरीचा इतिहास नवा नाही. इथल्या हजारो घरांत सुपात तेंदूपत्ता घेऊन विडी वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पद्मशाली घरांत आहेत, मुस्लिम घरांत आहेत, दलित वस्तीत आहेत. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. भविष्य निर्वाह निधी मिळाला. कुंभारीजवळ विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ साली त्या घरांचा ताबा मिळाला. यातले काहीही आपोआप मिळाले नाही. त्यामागे लाल बावट्याखाली काढलेले मोर्चे होते आणि त्यात बुरखा घातलेल्या आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका शेजारी शेजारी चालल्या.

विडी वळणाऱ्या आईची मुलगी आज होटगी रोडला किंवा जुळे सोलापुरात भांडी-फरशीला जाते. आईजवळ निदान विडी कामगाराचे ओळखपत्र आहे, मुलीजवळ तेवढेही नाही. काम बदलले, शहर वाढले आणि हक्कांच्या बाबतीत ती आईच्याही मागे गेली.

याचे एक कारण स्पष्ट आहे. विडीच्या कारखान्याला दार असते, हजेरी असते, मालकाचे नाव असते. घरकाम करणारी एकेकटी वेगवेगळ्या घरांत काम करते. तिच्या कामाची जागा म्हणजे आपले स्वयंपाकघर. तिचे मालक म्हणजे आपण, आणि आपण स्वतःला मालक समजत नाही. 'ती आमच्या घरातलीच आहे' असे आपण म्हणतो. म्हणणे मनापासून असते. पण घरातल्या माणसाचा आजारपणात पगार कापत नाहीत.

तरीही या बायकांनी एकत्र येऊन दाखवले आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्तपणे संप केला. पगारवाढ आणि हक्काची सुट्टी या त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे राज्यभरातल्या संघटनांनी लावून धरल्यावर २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांनी या मंडळाकडे नोंदणी करायची असते. अपघातात तातडीची मदत, मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य, औषधोपचार, दोन अपत्यांपर्यंत प्रसूतीसाठी मदत, मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी मदत, अशा गोष्टी त्या कायद्यात नमूद आहेत.

नोंदणीचा उपयोग काय, हे करोनाकाळात दिसले. लॉकडाऊनमध्ये अपार्टमेंटची फाटके बंद झाली आणि कित्येक बायकांची सगळी घरे एका दिवसात सुटली. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने घरेलू कामगारांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदणी असलेल्यांसाठी. ज्यांचे नाव यादीत नव्हते त्या बाजूला राहिल्या.

आणि या नोंदणीसाठी जी कागदपत्रे लागतात, त्यात एक कागद आपल्याकडून जायचा असतो. ही बाई आमच्या घरी काम करते, असे घरमालकाचे प्रमाणपत्र. त्याला पैसे लागत नाहीत. पण इथेच हात आखडतात. 'उद्या काही झालं तर आमच्यावर येईल', 'सही कशाला द्यायची?' असे म्हणून सुशिक्षित घरांतूनही तिला परत पाठवले जाते. पाच घरी काम करणाऱ्या बाईला पाचांतले एकही घर सही देत नाही, तेव्हा सरकारदरबारी ती काहीच काम करत नसते. २०२१ पासून केंद्राचे ई-श्रम कार्डही आहे. त्याची नोंदणी मोबाइलवरून किंवा सेवा केंद्रातून होते. आपल्या घरातल्या कॉलेजच्या मुलाला तिला सोबत घेऊन हे काम करायला सांगता येईल.

मोठा कायदा मात्र अजून व्हायचा आहे. जून २०११ मध्ये जीनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण देशात लागू करण्यासाठी लागणारे अनुसमर्थन दिले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट असावी का, याचा विचार करण्यासाठी समिती नेमायला केंद्र सरकारला सांगितले. तो कायदा येईल तेव्हा येईल. तोवर तिच्यासाठी कायदा म्हणजे आपल्या घराचा शब्द.

रमजानमधली वेळ

रमजानमध्ये मुस्लिम घरांचे घड्याळ उलटे फिरते. सहरी आणि फजरची नमाज झाली की घर झोपी जाते. काम करणारी मावशी नेहमीप्रमाणे आठ वाजता येते, बेल वाजवते, दार उघडत नाही. दोन मिनिटे थांबून ती पुढच्या घरी जाते, कारण तिथली वेळ चुकवता येत नाही. दुपारी फोन जातो, 'मावशी, आज आला नाहीत?' तिचा खाडा मांडला जातो. महिन्याभरासाठी वेळ बदलायची असेल तर रमजानचा चाँद दिसण्याआधी तिला विचारून बदलावी. तिला जमत नसेल तर घरातल्या एकाने आठला उठून दार उघडावे.

दुसरे म्हणजे भांडी. इफ्तारला भज्यांची तेलकट कढई, शरबताचे पेले, फळांच्या बशा, त्यानंतर जेवणाची भांडी, त्यानंतर सहरीची. सकाळी मोरीत ढीग असतो. पाहुण्यांना इफ्तारची दावत दिली की तो दुप्पट होतो. दावतीचा सवाब आपल्याला आणि ढीग तिला, असे होऊ नये. रमजानचा महिना जास्तीच्या कामाचा आहे हे मान्य करून त्या महिन्याचा पगार वाढवून ठरवावा. खरकटे काढून, भांडी विसळून ठेवायला घरातल्या मुलांना लावावे.

काम करणारी स्वतः रोजेदार असेल तर आणखी विचार करावा लागतो. विजापूर रोडला किंवा सात रस्त्याला अपार्टमेंटमध्ये जाणाऱ्या बायकांत रोजा ठेवून पाच घरे करणाऱ्या कितीतरी आहेत. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि सोलापूरचे ऊन मार्चपासूनच भाजायला लागते. ज्या हिंदू घरांत त्या काम करतात तिथे पुष्कळदा त्यांना चांगले सांभाळून घेतले जाते, हे मुद्दाम सांगायला हवे. 'महिनाभर फरशी दिवसाआड पूस', 'चादरी ईदनंतर बघू', 'चारलाच निघ' असे म्हणणाऱ्या काकू आणि वहिनी या शहरात आहेत. तशीच समज मुस्लिम घरांनी श्रावणात, नवरात्राच्या नऊ दिवसांत उपवास करणाऱ्या आपल्या मावशींसाठी दाखवायला हवी. आणि रोजेदार बाईला इफ्तारच्या तासभर आधी मोकळे करावे. तिला तिच्या मुलांसोबत खजूर तोंडात घालता यावा.

सेवकांवर झेपणार नाही एवढे ओझे टाकू नका आणि टाकलेच तर स्वतः हात लावा, अशी हदीसची शिकवण आहे. पैगंबर स्वतः घरकामाला हात लावत, असे त्यांच्या पत्नी हजरत आयशा सांगतात. ही गोष्ट ऐकताना आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला जनाबाई आठवल्याशिवाय राहत नाही. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीसोबत विठ्ठल दळायला बसतो, तिच्यासोबत शेण्या वेचतो, असे वारकरी परंपरा मानते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे जाते आजही दाखवतात. दोन परंपरा, दोन भाषा. राबणाऱ्या बाईच्या कामाला हात लावण्यात कमीपणा नाही, यावर दोघींचे एकमत आहे.

जकातीत पगार बसत नाही

रमजानमध्ये बहुतेक सधन मुस्लिम कुटुंबे जकात काढतात. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर शेकडा अडीच टक्के हा तिचा हिशेब. ईदच्या नमाजाआधी फितरा दिला जातो. याशिवाय ऐच्छिक दान, म्हणजे सदका. आणि याच दिवसांत घरी काम करणाऱ्या बाईच्या हातावर काही ठेवले जाते. चांगली गोष्ट आहे. पण इथे एक गफलत होते आणि ती धर्माच्या हिशेबातही चालत नाही.

जकात ही कशाचा मोबदला म्हणून देता येत नाही. पगार, जास्तीच्या कामाचे पैसे, ठरलेली ईदी हे आपल्यावरचे देणे आहे. ते जकातीच्या रकमेतून भागवले तर पगारही दिला गेला असे होत नाही आणि जकातही अदा होत नाही. आधी तिचे देणे पूर्ण चुकते करायचे. त्यानंतर ती गरजू असेल आणि जकातीला पात्र असेल, तर वेगळी रक्कम, कसलीही अपेक्षा न ठेवता द्यायची. 'ईदला दिलं होतं ना, मग आता दोन दिवस जास्त ये' असे म्हटले की ते दान राहत नाही. सदका तर कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो.

शब्द वेगळे असले तरी हिंदू घरांतही हीच गफलत आढळते. दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून देण्याची पद्धत अनेक घरांत रुजली आहे. पण अनेक घरांत बोनसच्या जागी जुनी साडी, फराळाची पुडी आणि मुलाचे लहान झालेले कपडे दिले जातात. हौसेने दिलेली साडी तिला आवडतही असेल. पण ती भेट आहे, बोनस नव्हे. भेटीबद्दल आभार मानावे लागतात. हक्काचे पैसे मात्र मान ताठ ठेवून घेता येतात. त्या दोन क्षणांतला फरक तिला नेमका कळतो.

जेवणाचेही तसेच. आपण जे खातो त्यातलेच सेवकाला द्यावे, ही शिकवण आहे. शिरखुर्मा उरला तर तिसऱ्या दिवशी डब्यात घालून देणे आणि ईदच्या सकाळी पहिल्या वाट्यांतली एक तिच्यासाठी काढून ठेवणे, यात खर्च सारखाच आहे.

कप, संडास आणि नाव

बाईला कामावर ठेवताना काही गोष्टी बोलल्या जात नाहीत, पण पाळल्या जातात. खिडकीत किंवा ओट्याच्या कडेला ठेवलेला तिचा वेगळा कप. बसायला जमीन. घरातला संडास ती रोज घासते, पण तिला वापरू दिला जात नाही. सकाळी सातला घर सोडलेली बाई दुपारी दोनपर्यंत चार घरांत पाण्यात उभी असते आणि कुठेच जाता येऊ नये म्हणून पाणीच कमी पिते. याचे दुखणे तिच्या शरीरात जाते. 'आमचं बाथरूम वापरत जा' हे पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगावे. तिला विचारायला लावू नये.

आणि नाव. मुस्लिम बाईने काम मिळावे म्हणून हिंदू नाव सांगितल्याच्या बातम्या मोठ्या शहरांतून आलेल्या आहेत. दुसरीकडे, मुस्लिम घरांतही 'आपलीच कुणी बघा' असे सांगितले जाते, किंवा बाईची जात आडून आडून विचारली जाते. भांडे स्वच्छ निघाले का, एवढेच पाहायचे असेल तर नावाने काय फरक पडतो? स्वतःचे नाव लपवून जी दुसऱ्याच्या घरात रोज दोन तास वावरते, ती कधी निर्धास्त असणार? विश्वास हवा असेल तर ओळखपत्राची झेरॉक्स घ्या, तिच्या घरचा पत्ता लिहून ठेवा, पोलिसांकडची पडताळणी करून घ्या. ते सगळ्यांसाठी सारखे करा. मूळ कागदपत्रे मात्र अडकवून ठेवू नका. घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली तर आधी घर नीट शोधा. झडतीचा अधिकार आपल्याला नाही, आणि एकदा चोरीचा आळ आला की त्या इमारतीतली तिची सगळी घरे सुटतात.

तिच्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा स्पष्ट समावेश आहे. घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे तिला माहीत असावे आणि घरातल्या पुरुषांनाही.

ईदची सफाई करताना

साफसफाईच्या दिवसांत घाई असते आणि घाईत अपघात होतात. संडासाचे ॲसिड आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ॲसिडची बाटली तिच्या हातात देण्याआधी हे तिला सांगावे, रबरी हातमोजे द्यावेत, खिडकी उघडी ठेवावी. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या काचा बाहेरून पुसायला तिला कठड्यावर उभे करू नये. काच थोडी मळकट राहिली तरी ईद होते. स्टुलावर चढून पंखा पुसताना घरातल्या कोणीतरी स्टूल धरावे आणि पंख्याचे बटण आधी बंद करावे. फरशी वाकून पुसणाऱ्यांचे गुडघे चाळिशीतच बोलू लागतात. उभ्याने वापरायचा पोछा आणून द्यावा. तिला सवय नसेल तर महिनाभरात होते.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट एकत्र करता येण्यासारखी आहे. सोसायटीच्या बैठकीत पार्किंग आणि पाण्याच्या टँकरवर तासभर बोलणे होते. त्यातली पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. महिन्याच्या सुट्ट्या किती, सणाचा बोनस किती, काम करणाऱ्या बायकांना लिफ्ट वापरू द्यायची की नाही, त्यांच्यासाठी खाली एक स्वच्छतागृह आणि बसायला बाकडे ठेवायचे का, हे सगळ्या घरांनी मिळून ठरवावे. एका घराने सुट्टी दिली की शेजारचे घर 'तुम्ही बायकांना बिघडवता' म्हणते. सगळ्यांचा एकच नियम असला की हा प्रश्नच उरत नाही.

ईदचा चाँद दिसला की त्या रात्री विजापूर वेशीत पाय ठेवायला जागा नसते. बांगड्या, मेंदी, शेवया, अत्तर, मुलांचे कपडे. त्या गर्दीत आपल्याकडे काम करणारी आपा किंवा मावशीही आपल्या मुलांना घेऊन आलेली असते. तिच्या पर्समध्ये काय आहे, हे आपण तिला कधी पैसे दिले त्यावर ठरते. पगार पाच तारखेचा असेल आणि ईद तीनला असेल, तर तो दोनलाच द्यावा. जास्तीच्या कामाचे पैसे त्याच वेळी, न मागता द्यावेत. ईदी वेगळ्या पाकिटात द्यावी. ईदच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी द्यावी, ती भरपगारी असावी. आणि नोंदणीच्या प्रमाणपत्रावरची सही राहिली असेल, तर तीही या रमजानमध्ये करून टाकावी.

ईद मुबारक, या शहरातल्या प्रत्येक घराला, आणि ती घरे लखलखीत ठेवणाऱ्या हातांनाही.